मेंढी की धुरांडं

त्या गुरुवारी मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की ती रेकॉर्ड एकदा शेवटपर्यंत ऐकायची. नऊ वर्षं आपण ज्या रेकॉर्डची बाजू घेतोय ती एकदा तरी ऐकावी, यात गैर काय आहे? (गैर काय आहे ते पुढे कळेल. मलाही पुढेच कळलं.)

पण आधी मेंढीबद्दल सांगायला हवं.

इंग्लंडमधल्या आमच्या अॅक्रिंग्टनपासून सहा मैलांवरच्या गावात चार पोरांनी 'टिन बिशप्स' नावाचा रॉक बँड काढला होता. तो जगभर गाजला असं आमच्याकडचे लोक म्हणतात. जगातल्या लोकांना मी विचारलेलं नाही. त्यांचे पाच अल्बम निघाले, मग ते आपसांत भांडले आणि बँड संपला. भांडण मात्र संपलं नाही, ते आमच्याकडे राहायला आलं. त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर दगडी भिंतीवर उभी असलेली एक मेंढी आहे. चौथ्याच्या कव्हरवर गिरणीचं धुरांडं आहे. अल्बमांना स्वतःची नावंही आहेत, पण आमच्याकडे ती कोणी घेत नाही. मेंढी श्रेष्ठ की धुरांडं, एवढाच प्रश्न. आमच्या क्लबात दरवर्षी एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी यावर रीतसर सभा होते. दोन्हीकडून एकेक गाणं वाजतं, एकेक माणूस बोलतो, मग हात वर करून मतदान. निकाल कायम बरोबरीत, कारण एखादा सभासद वारला की त्याच्या जागी त्याच बाजूचा माणूस घ्यायचा, असा नियमच आहे.

माझे सासरे ट्रेव्हर हॅवर्थ हे मेंढीवाल्यांचे पुढारी. तीस वर्षं बस चालवतात. आवाज कधी चढवत नाहीत, नुसते बघतात. समोरच्या सीटवर बूट टाकून बसलेल्या पॅसेंजरकडे ड्रायव्हर आरशातून बघतो ना, तसं. मी लोरेनला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. (बरं झालं. मी नगरपालिकेत कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी लिहून घेतो.) त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मेंढी की धुरांडं?"

लोरेननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. एकदा दिला तर मेंढी, दोनदा दिला तर धुरांडं, असं दाराबाहेर ठरलं होतं.

"मेंढी," मी म्हणालो.

"का?"

हे ठरलं नव्हतं. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजायला लागली.

"लोकर," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "बरोबर. आवाजात ऊब आहे." आणि आमचं लग्न झालं.

धुरांडंवाल्यांचे पुढारी म्हणजे ट्रेव्हरचे सख्खे धाकटे भाऊ, लोरेनचे रॉयकाका. त्यांचं बाजारात मटणाचं दुकान आहे. या दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं त्याला सतरा वर्षं झाली होती. १९८६च्या सभेनंतर वाद घालत घालत सगळे कालव्याच्या पुलावर पोचले, आणि रॉयकाकांनी स्वतःची मेंढी, म्हणजे ती रेकॉर्ड, काखेतून काढून सगळ्यांच्या देखत पाण्यात फेकली. रॉयकाकांनी एखादा सभासद फेकला असता तर ट्रेव्हरनी निदान कारण विचारलं असतं. त्या दिवसापासून दोघं फक्त सभेत बोलतात, तेही सेक्रेटरी मॉरीनबाईंमार्फत. "मॉरीन, त्या गृहस्थांना सांगा, त्यांची दोन मिनिटं संपली."

अशा घरात मी जावई.

त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, मेंढीच्या बाजूनं बोलणाऱ्या डेरेकचे वरचे सगळे दात सोमवारी काढले. बुधवारी संध्याकाळी ट्रेव्हर आमच्याकडे आले. काखेत रेकॉर्ड होती.

"शनिवारी तू बोलायचंस," ते म्हणाले.

"मी?"

"तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही. डेरेकला दात नाहीत म्हणून." त्यांनी रेकॉर्ड टेबलावर ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी. "एकोणसत्तर सालची. पहिल्या खेपेतली. कव्हरवर ड्रमरची सही आहे. कडेनं धरायची. ताटासारखी धरायची नाही."

"नाही धरणार."

"दुसऱ्या बाजूला एक जागा आहे. तिथे गेलास की कळेल." त्यांचे डोळे जरासे ओलावले, आणि मला त्यांच्या रागापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

तर गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. रेकॉर्ड कडेनं धरली, कव्हरातून काढली, खिडकीत ठेवली आणि रेकॉर्ड प्लेअरवरची धूळ पुसायला लागलो. तेवढ्यात ऑफिसातून फोन. कुणा बाईंचा डबा शेजाऱ्यानं पळवला होता आणि ती फाइल कुठे आहे ते फक्त मलाच माहीत होतं. (ती माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत होती.) चाळीस मिनिटं बोललो. आता, आमच्याकडे एप्रिलमध्ये ऊन पडतं ही निव्वळ अफवा आहे. त्या दिवशी ती खरी ठरली.

परत आलो तेव्हा रेकॉर्डची एक कड वर आली होती आणि दुसरी खाली गेली होती. भिजून वाळलेल्या हॅटसारखी दिसत होती. मी ती तशीच प्लेअरवर लावून पाहिली. सुई भरसमुद्रातल्या होडीसारखी वर-खाली जात होती आणि गायक उलटी व्हायच्या बेतात असल्यासारखा गात होता. मी बंद केलं.  

मी ऑफिसात बर्नार्डला फोन केला. बर्नार्डला सगळं माहीत असतं.

"सोपं आहे," बर्नार्ड म्हणाला. "दोन काचांच्या मध्ये ठेव. ओव्हन अगदी मंद. दहा मिनिटं. मग वर वजन ठेवून गार होऊ दे. माझ्या मेव्हण्यानं केलंय."

"सरळ झाली?"

"मेव्हण्याशी आमचं पटत नाही. विचारलं नाही."

एक काच आमच्या लग्नाच्या फोटोची काढली, दुसरी सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या फोटोची. (सासरे त्या फोटोतही आरशातून बघितल्यासारखे बघतात. मी तो पालथा घातला.) मध्ये मेंढी. ओव्हन सगळ्यात मंद. मग वजन म्हणून फरशी आणायला मागच्या शेडमध्ये गेलो. शेडचं दार मी आत गेल्यावर लागलं आणि अडकलं. ते गेली चार वर्षं अडकतंय. लोरेन दर रविवारी सांगते.

मी खिडकीतून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं गेली. अंगणात आलो तर स्वयंपाकघरातून असा वास येत होता, की कुणीतरी रबरी बूट तळायला घेतलेत. आत लोरेन उभी होती. शाळेतल्या नोकरीवरून आल्या आल्या बटाटे भाजायचे म्हणून तिनं ओव्हन दोनशे वीसवर करून ठेवला होता आणि कपडे बदलायला वर गेली होती.

"नेव्हिल," ती म्हणाली, "ओव्हनमध्ये काय आहे?"

"बाबांची…"

"बाबांची काय?"

"मेंढी."

लोरेन सावकाश खाली फरशीवर बसली. तिला असं बसलेलं मी यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, तिची आजी गेल्याचं कळलं तेव्हा.

दोघांनी मिळून ओव्हन उघडला. काचा तडकल्या होत्या. मेंढी जाळीच्या सळ्यांवरून खाली ओघळून थिजली होती, दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या मोज्यांसारखी.

"आपण त्यांना सांगून टाकू," मी म्हणालो.

"आपण?" लोरेन म्हणाली.

"मी सांगतो."

"नको. तू 'लोकर' म्हणशील." ती उठली. तोंड धुतलं. ओट्याला टेकून थोडा वेळ विचार केला. मग दार लावून घेतलं, म्हणजे आत येणारं कुणी नसतानाही लावून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "रॉयकाकांकडे आहे."

"त्यांची कालव्यात आहे. सगळ्या गावानं पाहिलंय."

"पॉलीनकाकूनं मला सांगितलंय. ती व्हॅक्यूम घेऊन वरच्या मजल्यावर गेली की काका हेडफोन लावून ऐकत बसतात. डोळे मिटून. तिला कळत नाही असं काकांना वाटतं." लोरेननं माझा हात धरला. "उद्या जा. माग."

"त्यांच्या हातात सत्तूर असतो."

"बाबांच्या हातात बस असते," लोरेन म्हणाली. 

शुक्रवारी दुपारी मी रॉयकाकांच्या दुकानात गेलो. तीन गिऱ्हाइकं पुढे होती. मी प्रत्येक वेळी मागच्याला पुढे जाऊ दिलं. शेवटी मागे कुणी उरलं नाही.

"बोल," रॉयकाका बरगड्या तोडत म्हणाले.

"तुमची मेंढी हवी होती. उद्यापुरती."

"मटण उद्यापुरतं देत नाही मी."

"ती नाही. हेडफोनवाली."

सत्तूर हवेत थांबला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या उणिवा मला त्या क्षणी ओळीनं आठवल्या, आणि ओळ बरीच लांब होती. रॉयकाकांनी सत्तूर खाली ठेवला, बाहेर येऊन दुकानाच्या दारावरची 'बंद' ही पाटी फिरवली आणि मला मागच्या थंड खोलीत नेलं. तिथे दोन अर्धे बैल टांगलेले होते. तिसऱ्या आकड्याला काही नव्हतं. त्याच्याकडे बघत मी सगळं सांगितलं, खिडकीपासून ओव्हनपर्यंत.

ते ऐकत राहिले. "त्याची गेली?" एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी क्षणभर भ्यायचंच विसरलो. मग ते पुन्हा स्वतःसारखे झाले. "संध्याकाळी पॉलीन आणून देईल. पिशवीतून. कव्हर नाही माझ्याकडे."

"कव्हर आहे आमच्याकडे. फार उपकार झाले. उद्या मी बोलताना जरा हात राखून बोलू का? म्हणजे तुमच्या बाजूला बरं."

"तू नेहमीसारखा बोल. तेवढं पुरेल." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. "आणि ही माझी आहे असं कुठे कळलं ना नेव्हिल, तर तू त्या रिकाम्या आकड्याकडे बघत होतास, ते मी बघितलंय."

तेव्हा आता मला दोघांची भीती होती. आधी एकाचीच होती ते दिवस किती सुखाचे होते, असं वाटायला लागलं.

शनिवारी दुपारी तीन वाजता क्लब भरला. उजवीकडे मेंढीवाले, डावीकडे धुरांडंवाले, मध्ये टेबलाशी मॉरीनबाई, पुढ्यात नोंदवही. मी खिशात भाषणाचा कागद घेऊन उभा होतो. कागद घामानं इतका ओला झाला होता, की उलगडल्यावर त्यातली शाई माझ्या अंगठ्यावर आली आणि भाषण तिथेच राहिलं. लोरेन पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या हातात बियरचा ग्लास होता आणि ती तो पीत नव्हती.

"मेंढीच्या बाजूनं गाणं," मॉरीनबाई म्हणाल्या.

मी कव्हर घेऊन पुढे झालो. ट्रेव्हरनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "मी लावतो."

त्यांनी कव्हरावरच्या सहीवरून अंगठा फिरवला. रेकॉर्ड बाहेर काढली. कडेनं धरली. खिडकीच्या उजेडात तिरकी केली, आणि थांबले.

ते थांबलेच. मॉरीनबाईंनी चष्मा वर केला. मी पुढे वाकून पाहिलं. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर नेलपॉलिशनं काढलेलं एक लाल अक्षर होतं. आर. (ट्रेव्हरच्या रेकॉर्डवरही लाल काहीतरी होतं, पण मला तो जॅमचा डाग वाटला होता.) पुढे लोरेननं सांगितलं, की दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन मेंढ्या आणल्या होत्या. घरात प्लेअर एकच. रोज कुणाची कुठली यावरून भांडणं. म्हणून त्यांच्या आईनं आपल्या नेलपॉलिशनं एकीवर टी काढला आणि एकीवर आर.

पळता येतं का म्हणून माझी नजर दाराकडे गेली. दारात डेरेक उभा होता, दातांशिवाय हसत.

"रॉय," ट्रेव्हर म्हणाले.

मॉरीनबाईंचं पेन खाली पडलं. सतरा वर्षांत ट्रेव्हरनी ते नाव उच्चारलं नव्हतं.

"ही कालव्यातून बाहेर कधी आली?"

रॉयकाका ग्लासात बघत होते. "गेलीच नव्हती."

"मी पुलावर होतो. बुडताना बघितली."

"कव्हर बघितलंस. रिकामं. रेकॉर्ड माझ्या कोटात होती." ते थांबले. "आईचं अक्षर होतं तिच्यावर. कशी टाकणार?"

"सतरा वर्षं, रॉय."

"तू विचारलं नाहीस."

"तू सांगितलं नाहीस."

"मॉरीनला काय सांगणार होतो, त्या गृहस्थांना सांगा म्हणून?"

 ट्रेव्हरनी ती रेकॉर्ड पुन्हा उजेडात धरली, त्या अक्षराकडे बघितलं, नाक ओढलं.  मला वाटलं, चला, सुटलो, आता या गडबडीत कुणाच्या लक्षात येणार नाही.

"मग माझी कुठे आहे?" ट्रेव्हर म्हणाले, आणि आरशातून बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. तोंड उघडलं तर आतून खरं बाहेर आलं. भीतीनं माझं नेहमी असंच होतं.

"ओव्हनमध्ये होती."

"कुठे?"

"ओव्हनमध्ये. आधी खिडकीत. मग ओव्हनमध्ये. मग मी शेडमध्ये अडकलो."

"किती डिग्रीवर?" हे रॉयकाकांनी विचारलं.

"दोनशे वीस."

रॉयकाकांनी खाटकाच्या गांभीर्यानं मान हलवली. "मेंढीला एवढं नको."

ट्रेव्हरचे खांदे हलायला लागले. मी दोन पावलं मागे सरकलो आणि एका खुर्चीवर आदळलो. आता ते येणार, असं वाटून मी डोळे मिटले. पण आवाज आला तो हसण्याचा. ट्रेव्हर हॅवर्थ हसत होते. ते हसतात कसे हे लोरेननंही फारसं पाहिलं नव्हतं, ती घाबरून उठून उभी राहिली. रॉयकाका त्यांच्याजवळ आले. एकानं दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्यानं परत मारली, आणि मग दोघांनी मिळून ती रेकॉर्ड लावली. दुसऱ्या बाजूची ती जागा आली तेव्हा दोघांनीही डोळे मिटले. मला ती जागा कुठली ते तेव्हाही कळलं नाही, पण मीही मिटले.

इथेच घरी गेलो असतो तर बरं झालं असतं.

गाणं संपल्यावर ट्रेव्हर माझ्याकडे आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मायेनं बोलले. "पोरा, आज सगळ्यांनी खरं सांगितलंय. तूही सांग. तुला मेंढी आवडते का रे?"

माफी मिळालेल्या माणसाला भान राहत नाही. मी तुम्हालासुद्धा आतापर्यंत सांगितलं नव्हतं ते सगळ्या क्लबासमोर सांगून बसलो. दुसऱ्या आणि चौथ्या अल्बमच्या मध्ये एक तिसरा असणार, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्या कव्हरवर छत्री आहे. आमच्या क्लबात त्याचं नाव काढत नाहीत. नवा सभासद छत्री म्हणाला तर त्याला घरी कुणी आहे का, असं विचारतात.

"मला छत्री आवडते," मी म्हणालो. "सहा वर्षं. गाडीत कॅसेट आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये काचा वर करून ऐकतो. घाबरलो की तेवढ्यानंच बरं वाटतं मला."

मागच्या रांगेतून कुणीतरी श्वास ओढला. ट्रेव्हर आणि रॉयकाकांनी एकमेकांकडे पाहिलं. सतरा वर्षांत प्रथमच दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होताना दिसत होतं.

"छत्रीतलं काय आवडतं?" रॉयकाकांनी विचारलं, आजाऱ्याला विचारावं तसं.

"ते लांबलचक संथ गाणं. बासरीचं. मध्येच घंटा वाजते, आणि एक बाई अगदी हळू म्हणते, श्वास आत घ्या… धरा… आणि सोडा. इतका खोल अर्थ आहे त्यात."

"छत्रीत बाई नाही," ट्रेव्हर म्हणाले.

"आहे. पुढे ती म्हणते, आता गुडघे सैल सोडा."

पहिल्या रांगेत लोरेननं ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"नेव्हिल," ती बोटांमधून म्हणाली, "ती माझी बाळंतपणाच्या व्यायामाची टेप आहे. आपल्या केरीच्या वेळची. घरात रिकामी कॅसेट सापडेना. मला वाटलं छत्री कोण ऐकतंय, म्हणून तिच्यावरच टेप केली."

त्यानंतर मतदान झालं. रॉयकाकांनी मेंढीसाठी हात वर केला. मी कशासाठीच केला नाही, पण मॉरीनबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. मग उभ्या राहून, चष्मा नीट करून, त्यांनी निकाल वाचून दाखवला: मेंढी चौदा, धुरांडं तेरा, बाळंतपण एक.